पेशीतला प्रत्येक रेणू निर्जीव, मग पेशी जिवंत कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पेशीत पाणी, प्रथिने, मेद, क्षार, डीएनए एवढेच असते. यातली कुठलीही वस्तू वेगळी काढून बाटलीत ठेवली तर ती निर्जीव. मग या सगळ्या निर्जीव वस्तू एकत्र आल्या की पेशी सजीव कशी होते? वाढ, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन, चेतनाक्षमता ही शाळेतली यादी पाठ आहे, पण तिने समाधान होत नाही, असेही विचारणाऱ्याने लिहिले आहे.

ती यादी अपुरीच आहे. ताप, खोकला, अंगदुखी सांगितली म्हणून आजार कळत नाही, तसेच हे. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी नवा वर्ग आला की हा प्रश्न फळ्यावर लिहिण्याआधी मी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

केक-पावासाठी दुकानात मिळते ते कोरडे यीस्ट चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचे. त्यातले थोडे दुसऱ्या नळीत काढून ती नळी दहा मिनिटे उकळत्या पाण्यात धरायची. मग दोन्ही नळ्यांतला एकेक थेंब वेगवेगळ्या काचपट्टीवर घेऊन त्यात अगदी पातळ केलेल्या मिथिलिन ब्ल्यू या निळ्या रंगाचा थेंब मिसळायचा. उकळलेल्या यीस्टच्या काचपट्टीवर झाडून सगळ्या पेशी गडद निळ्या दिसतात. न उकळलेल्या काचपट्टीवर बहुतेक पेशी काचेच्या मण्यांसारख्या स्वच्छ, मधूनच एखादी निळी.

मुले लगेच म्हणतात, "जिवंत पेशीत रंग शिरला नाही." हे अर्धेच खरे आहे. थोडा रंग आत शिरतो. पण जिवंत पेशी त्या रंगाच्या रेणूंना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा निळेपणा घालवते. ते इलेक्ट्रॉन साखर मोडून मिळवलेले असतात. उकळलेल्या पेशीचे आवरण फाटलेले असते, इलेक्ट्रॉन पुरवणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, वेडीवाकडी झालेली असतात, म्हणून आत शिरलेला रंग तसाच राहतो. स्वच्छ पेशी स्वच्छ दिसते ती काम चालू असल्यामुळे. साखर संपली, काम थांबले, तर थोड्या वेळाने तीही निळी पडेल.

आता मुद्द्याची गोष्ट. उकळल्याने नळीतले कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस कुठे गेलेले नाहीत. डीएनएही बव्हंशी शाबूत आहे. रासायनिक घटकांची यादी केली तर दोन्ही नळ्यांची यादी जवळपास एकच येईल. म्हणजे "जीव" नावाचा काही घटक होता आणि तो उडून गेला, असे झालेले नाही. विरजणाचेही तेच. उकळत्या दुधात विरजण घातले की दही लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असते. त्या चमचाभर विरजणातून कुठलाही पदार्थ नाहीसा झालेला नसतो.

मग बदलले काय? इथे एक जुना प्रयोग सांगायलाच हवा, कारण या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने दाखवले होते की साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टमुळे. ही क्रिया, म्हणजे किण्वन, आणि जिवंतपणा वेगळे करता येत नाहीत, असे त्याचे मत होते. पाश्चर १८९५ मध्ये वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीत एडुआर्ड बुखनर याने यीस्ट वाळूबरोबर खलून त्याच्या पेशी फोडल्या आणि दाबून त्यांचा रस काढला. हा रस टिकावा म्हणून त्यात भरपूर साखर घातली, आपण मुरंब्यात घालतो त्याच हेतूने. रसातून बुडबुडे येऊ लागले. एकही अखंड पेशी नसलेला रस साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवत होता. बुखनरला १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि किण्वन हे काही जीवाचे खास लक्षण नाही, ते विकरांचे काम आहे, हे पक्के झाले.

बहुतेक पुस्तके ही गोष्ट इथे थांबवतात. खरी मौज पुढे आहे. हा रस तेवढ्याच जिवंत यीस्टच्या मानाने फार हळू काम करतो आणि काही वेळाने मंदावतो. इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना दिसले की मंदावलेल्या रसात थोडे फॉस्फेट घातले की बुडबुडे पुन्हा जोरात येतात, आणि ते फॉस्फेट वापरले गेले की पुन्हा मंदावतात. शिवाय रसात फॉस्फेट चिकटलेली साखर साचत जाते. असे का व्हावे, याचा उलगडा पुढे एटीपी या रेणूचे काम समजल्यावर झाला.

एटीपी म्हणजे पेशीची खेळती रोकड. साखर मोडताना पेशी आधी थोडा एटीपी खर्च करते आणि मग त्याहून जास्त कमावते. जिवंत यीस्टमध्ये ही कमाई लगेच खर्च होते. नवी प्रथिने बांधायची असतात, क्षार आत-बाहेर करायचे असतात, आवरण वाढवायचे असते. खर्च झाला की एटीपीतले फॉस्फेट सुटे होते आणि पुढच्या साखरेसाठी पुन्हा हाताशी येते. रसात कमावणारी विकरे सगळी आहेत, पण खर्च करणारे कोणी उरलेले नाही. बांधकाम बंद आहे. त्यामुळे फॉस्फेट अडकून पडते आणि कमाईसुद्धा बंद होत जाते.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. पेशी फोडली की ऊर्जा मिळवणे आणि ती ऊर्जा स्वतःला बांधण्यावर खर्च करणे यांचा दुवा तुटतो. रस साखर मोडतो, पण स्वतःची विकरे पुन्हा बनवू शकत नाही. पेशीत मात्र साखर मोडणारी विकरे त्या साखरेच्याच बळावर पुन्हा बनतात. हंगेरीचे तिबोर गांती यांनी १९७१ मध्ये सजीवाचा एक किमान आराखडा मांडला. एक चयापचयाचे चक्र, एक नक्कल होऊ शकणारा साचा आणि एक आवरण. या तिघांनी एकमेकांना लागणारा माल पुरवायचा. तिघांपैकी एक काढले की उरलेले दोन थोडा वेळ चालतात आणि थांबतात. बुखनरचा रस म्हणजे आवरण आणि साचा काढून टाकलेले चक्र. ते तसेच थांबले.

या तिघांत मी आवरणावर जास्त वेळ घालवते, कारण विद्यार्थी त्याला पिशवी समजतात. पेशीपटल साधारण ५ नॅनोमीटर जाडीचे असते. कागदाच्या जाडीत अशी वीस हजार पटले मावतील. या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगे असतात. आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडे. आत कॅल्शियम जवळजवळ नाही, बाहेर बरेच. पडदा थोडासा गळतोच, म्हणून पंप सतत चालवावे लागतात. पंप बंद पडले की आतले आणि बाहेरचे हळूहळू सारखे होते. आत आणि बाहेर सारखे झाले की पेशी मेली, असे मी मुलांना सांगते. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुष्कळ.

आणि हा फरक नुसता सांभाळायचा नसतो, तो वापरायचाही असतो. इंग्रज शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये कल्पना मांडली की श्वसन करताना पेशी प्रोटॉन पटलाच्या बाहेर ढकलते आणि ते परत आत येताना त्यांच्या जोरावर एटीपी बनतो. धरणात पाणी अडवायचे आणि ते सोडताना त्यावर वीज करायची, कोयनेला करतात तसे. त्या काळी बहुतेकांना हे पटले नाही. १९७८ मध्ये मिचेल यांना नोबेल मिळाले. ज्या प्रथिनातून प्रोटॉन आत येतात ते खरोखर गरगर फिरते, आणि १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या फिरत्या दांड्याला एक चमकणारा धागा जोडून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. प्रत्येक फेरीला तीन एटीपी. पटलाच्या दोन बाजूंतला विजेचा फरक दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास असतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, पण तो ५ नॅनोमीटरमध्ये आहे. मीटरच्या हिशेबाने तो तीन कोटी व्होल्ट होतो. पटलाला भोक पडले तर हे सगळे एका क्षणात जाते, आणि काही प्रतिजैविके व जिवाणूंचीच काही विषे नेमके हेच करतात.

आपल्याकडे हे पाहायला लोणारसारखी दुसरी जागा नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो. तिथे राहणारे अल्कप्रेमी जिवाणू आपल्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा सुमारे दोन अंकांनी खाली ठेवतात. दोन अंक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात शंभर पटींचा फरक, आणि तो त्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना अहोरात्र राखायचा. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. या कुळातल्या काहींच्या पटलात असे प्रथिन असते की त्यावर सूर्यप्रकाश पडला की ते प्रोटॉन बाहेर फेकते. साखर नको, हिरवे हरितद्रव्य नको, उन्हावर थेट पंप चालतो.

घरच्या दह्यातही हेच चालू असते, फक्त उलट दिशेने. दह्यातले जिवाणू दुधातली साखर मोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. बाहेर आम्ल वाढत जाते तसतसे प्रोटॉन आत घुसू पाहतात आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी एटीपी खर्च करावा लागतो. एका मर्यादेनंतर सगळी कमाई उपसण्यातच जाते, वाढीला काही उरत नाही, आणि दही आणखी आंबट होणे थांबते. फार दिवस ठेवलेले दही विरजणाला चांगले लागत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता साचा, म्हणजे डीएनए. याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण याची कीर्ती आधीच फार झाली आहे. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूची लांबी २ मायक्रोमीटर आणि त्यात घडी घालून बसलेल्या डीएनएची लांबी दीड मिलिमीटर. त्यावर ४६ लाख अक्षरे आणि सुमारे ४,३०० जनुके. पण कोरड्या वजनात डीएनएचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास, प्रथिनांचा निम्म्याहून जास्त. डीएनए स्वतः काही करत नाही. वाचणारे प्रथिन लागते, वाचलेल्यावरून प्रथिन बांधणारा रायबोसोम लागतो, आणि रायबोसोमची प्रथिने पुन्हा त्याच डीएनएवर लिहिलेली असतात. ज्याला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे विचारता येत नाही असे हे वर्तुळ आहे.

या वर्तुळाचा वेग समजला की पेशीकडे वस्तू म्हणून बघता येत नाही. भरपूर अन्न असेल तर ई. कोलाय २० मिनिटांत दोनाची होते. तिच्यातले निरोप्या आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या कामचलाऊ प्रती, काही मिनिटांत मोडून नवे केले जातात. एटीपीचा सगळा साठा नवी भर पडली नाही तर काही सेकंदांत संपेल. गंमत म्हणजे पूर्ण डीएनएची नक्कल करायला तिला सुमारे ४० मिनिटे लागतात. मग २० मिनिटांत विभाजन कसे? पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत ती दुसरी सुरू करते. म्हणजे आज जन्मलेल्या पेशीत तिच्या मुलींसाठीची आणि नातींसाठीची नक्कल आधीच चालू असते. आणि इतक्या घाईतही पूर्ण डीएनएच्या हजार नकलांमागे चुका एक ते तीन. त्या मोजक्या चुकांतूनच उत्क्रांती होते. चूक शून्य असती तर लोणारला राहणारा जिवाणू तयारच झाला नसता.

"मग डीएनए बनवून पेशी बनवता येईल का?" हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एका मायकोप्लाझ्मा जिवाणूचा दहा लाखांहून जास्त अक्षरांचा डीएनए प्रयोगशाळेत तयार केला आणि दुसऱ्या जातीच्या मायकोप्लाझ्मात घातला. ती पेशी नव्या डीएनएप्रमाणे वागू लागली. २०१६ मध्ये त्यांनी जनुके काढत काढत ४७३ वर आणली. त्याहून कमी केल्यास पेशी नीट जगेना. माझ्या दृष्टीने त्या कामातला सर्वांत मोलाचा आकडा १४९ हा आहे. त्या ४७३ पैकी १४९ जनुके नेमके काय करतात हे तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. इतकी साधी पेशी, तरी जवळजवळ तिसरा हिस्सा अंधारात. शिवाय तिची पिल्ले वेड्यावाकड्या आकारांची निघत. २०२१ मध्ये दिसले की नीट गोल, सारखे विभाजन हवे असेल तर आणखी सात जनुके परत द्यावी लागतात.

पण या सगळ्यात डीएनए घालण्यासाठी आधीची एक जिवंत पेशी हातात होती. तिचे पटल, तिचे रायबोसोम, तिचा एटीपी. सुट्या रसायनांपासून पूर्ण पेशी अजून कोणी उभी केलेली नाही. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशॉव्ह याने १८५५ मध्ये म्हटले होते की पेशी पेशीपासूनच होते. ते आजही खरे आहे, आणि फक्त डीएनएपुरते नाही. पटलसुद्धा आधीच्या पटलातच नवा माल भरून वाढते आणि दुभंगते. १९६५ मध्ये जानीन बिसाँ आणि ट्रेसी सोनबॉर्न यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या अंगावरच्या केसांची एक ओळ उलटी फिरवली. डीएनएला हात लावला नव्हता. तरी ती उलटी ओळ पिढ्यानपिढ्या उलटीच उतरत राहिली. पेशीची घडण ही पेशीला वारसा म्हणून मिळते, सगळीच काही अक्षरांत लिहिलेली नसते. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझाच आवाज बदलतो. आपल्या शरीरातल्या कुठल्याही पेशीचे पटल मागे मागे शोधत गेले तर साडेतीनशे कोटी वर्षांत ते एकदाही तुटलेले नाही.

आता कडेची उदाहरणे, कारण कुठल्याही व्याख्येचा कस कडेवरच लागतो.

विषाणूबद्दल माझे मत स्पष्ट आहे. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग आणणाऱ्या विषाणूचे स्फटिक बनवले, साखरेचे बनवावेत तसे. विषाणूजवळ साचा आहे. पण आत-बाहेरचा फरक तो स्वतः राखत नाही, एटीपी कमावत नाही, रायबोसोम त्याच्याकडे नाहीत. पेशीत शिरल्यावर जे घडते ते पेशी करते. उत्क्रांती त्याचीही होते, म्हणून काहीजण त्याला सजीव म्हणतात. मी म्हणत नाही.

तांबड्या रक्तपेशीबद्दल मात्र मला बराच विचार करावा लागला. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, डीएनए नाही, श्वसनातून एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिका नाहीत, रायबोसोम नाहीत. ती दुभंगत नाही आणि नवे प्रथिन बनवत नाही. व्याख्येप्रमाणे ती बादच व्हायला हवी. पण ती साखर मोडते, एटीपी बनवते आणि त्यावर पंप चालवून आत पोटॅशियम, बाहेर सोडियम असे राखते. रक्तपेढीत पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. थंडीत पंप जवळजवळ थांबतात आणि आतले पोटॅशियम हळूहळू बाहेर गळते. तीच पेशी रुग्णाच्या अंगात ऊब आणि साखर मिळाल्यावर पंप पुन्हा सुरू करून ते पोटॅशियम परत आत ओढते. हे करणाऱ्या पेशीला मी निर्जीव म्हणू शकत नाही. तिच्याकडे दुरुस्तीचा नकाशा तेवढा उरलेला नाही. म्हणून १२० दिवसांच्या आसपास तिची शिदोरी संपते. प्रजनन ही सजीवांच्या कुळाची गरज आहे, त्यातल्या प्रत्येक पेशीची असेलच असे नाही. आपल्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशीही पुन्हा दुभंगत नाहीत.

सर्वांत अवघड उदाहरण बीजाणूचे. बॅसिलस कुळातले जिवाणू उपासमार झाली की जाड कवचाचा बीजाणू बनवतात. त्यात पाणी फार कमी, कॅल्शियम भरपूर, आणि चयापचय मोजायला गेले तर हाती काही लागत नाही. साधे उकळणे त्याला पुरत नाही, म्हणून तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशाला पंधरा मिनिटे ठेवावे लागते. नोकरीच्या सुरुवातीला एका कपाटामागे मला बॅसिलस सबटिलिसची एक जुनी नळी सापडली. त्यावरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती, जिवाणू ज्यावर वाढवतात ते आतले जेलीसारखे अगार वाळून पापुद्र्यासारखे झाले होते. टाकून देण्याआधी त्यातला कण पोषक द्रवात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी द्रवावर जाड साय आली होती.

त्या नऊ वर्षांत ते जिवंत होते का? मी आत-बाहेरचा फरक सतत राखणे ही कसोटी सांगितली, आणि बीजाणू तर काहीच करत नव्हता. याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यांकडे आहे. पेरणीआधी ते शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. उगवणारा आणि न उगवणारा दाणा हातात घेऊन ओळखू येत नाही. उगवणाऱ्यात घडण शाबूत असते आणि पाणी मिळाले की काम सुरू होते, एवढाच फरक. बीजाणू काम करत नसला तरी काम सुरू करण्याची मांडणी त्याने मोडू दिलेली नसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. अशा संग्रहांतून गोठवून वाळवलेल्या जिवाणूंच्या काचेच्या कुप्या येतात. भुकटीसारख्या दिसतात, आणि पोषक द्रवात टाकल्या की वाढतात. तुमच्या घरातले कोरडे यीस्टही त्याच अवस्थेत असते.

यावरून एक व्यावहारिक सावधगिरी. आम्ही रोज "जिवंत जिवाणू मोजले" म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात अगारच्या प्लेटवर उगवलेल्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, मोजलेल्या असतात. १९८२ मध्ये रीटा कोलवेल यांच्या गटाने दाखवले की पटकीचा (कॉलऱ्याचा) जिवाणू थंड, अन्न नसलेल्या पाण्यात अशा अवस्थेत जातो की प्लेटवर उगवत नाही, पण मेलेलाही नसतो. पाण्याच्या चाचणीत शून्य आले म्हणजे त्यात जिवंत काही नाही असा अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी अडवते. उगवणे ही आमची सोय आहे.

तर मूळ प्रश्नाकडे. जीव कुठल्या एका रेणूत आहे असे शोधत गेलात तर तो कधीच सापडणार नाही, आणि सगळे रेणू नुसते एकत्र ओतले तरी येणार नाही. बुखनरच्या रसात साखर मोडणारी सगळी विकरे एकत्रच होती. पेशी सजीव असते ती तिच्यातल्या कामांच्या एकमेकांवरच्या अवलंबनामुळे. पटल आत-बाहेर वेगळे ठेवते, त्या वेगळेपणावर ऊर्जा मिळते, त्या ऊर्जेवर साचा वाचून प्रथिने बनतात, आणि त्या प्रथिनांतलीच काही ते पटल बांधतात. यातले काही काळ थांबू शकते, जसे बीजाणूत. काही कायमचे गमावून उरलेल्यावर थोडे दिवस निभावता येते, जसे तांबड्या पेशीत. पण घडणच मोडली तर, उकळलेल्या यीस्टसारखी, ती पुन्हा जुळवणे आजवर कोणाला जमलेले नाही.

शक्य असेल तर ती काचपट्टी स्वतः करून पाहा. मिथिलिन ब्ल्यू ०.०१ टक्के पुरे, त्याहून दाट नको. कोरड्या यीस्टमध्ये थोड्या पेशी आधीच मेलेल्या असतात, म्हणून काही निळ्या दिसल्या तर प्रयोग चुकला असे समजू नका. थोडे शोधले तर कळी फुटत असलेल्या पेशी सापडतील. यीस्टची एक पेशी साधारण वीस ते तीस वेळा अशी कळी देते आणि मग म्हातारी होऊन मरते. कधी कधी मोठी पेशी निळी आणि तिला चिकटलेली कळी स्वच्छ, अशीही जोडी दिसते. पाच मिनिटांत पाहून घ्या, कारण हा रंग पेशींना विषारी आहे आणि फार वेळ ठेवला तर त्याच्याशी झगडणाऱ्या स्वच्छ पेशीही एकेक करून निळ्या होऊ लागतात.